मिस्त्रीच्या हाताला माप हवे

लटकत्या काट्याच्या मदतीने नट-बोल्ट नेमका कसा आवळावा?

किराणा दुकानात अर्धा किलो साखर मागितली तर दुकानदार ती मुठीने देत नाही, काट्यावर घालतो. कापूस वजनावर विकला जातो, कापड मीटरवर, दूध लिटरवर. या काट्या-मापांची वैधमापन विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि त्यांवर शिक्का बसतो. शिक्का नसेल तर दंड होतो. पण त्याच बाजारपेठेत, दोन दुकाने सोडून, आपला मिस्त्री दिवसभरात शे-दोनशे नट-बोल्ट आवळतो आणि त्यांपैकी बहुधा एकही मोजून आवळत नाही. "हाताला कळते," एवढेच त्याचे माप असते.

हात खरोखरच हुशार असतो, यात शंका नाही. वीस वर्षे पाना धरलेल्या उस्तादाचा हात नवशिक्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. परंतु हाताला शिक्का नाही. सकाळचा हात वेगळा, संध्याकाळचा थकलेला हात वेगळा. उस्तादाचा वेगळा आणि शागिर्दाचा त्याहून वेगळा. काम मात्र दुकानाच्या एकाच नावावर बाहेर जाते. म्हणून या वेळी आपण एका साध्या अवजाराची माहिती घेऊ. ते विकत आणण्याची गरज नाही. भंगारवाल्याच्या हातात दिसणारा लटकता काटा आणि आपल्या पेटीतला रिंग पाना एवढ्यावर ते तयार होते.

परत आलेले काम

तेल्हारा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी. वारी भैरवगडजवळ वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. खाली पूर्णेच्या बाजूला खारपाणपट्टा. कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा आणि संत्र्याच्या बागा असा हा मुलूख. साहजिकच येथील कारागिराचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शेतकरी, आणि त्याच्या वस्तू म्हणजे मोटरसायकल, ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, डिझेल इंजिन, फवारणी पंप, मोटारीचा स्टार्टर. या वस्तू बिघडतात त्या नेमक्या हंगामात, कारण वापरात असतात त्याही हंगामातच.

समजा, एका शेतकऱ्याच्या डिझेल इंजिनाचे हेड उघडून नवे गॅस्केट टाकले. काम चोख झाले, पैसे मिळाले. पंधरा दिवसांनी तेच इंजिन पुन्हा दारात. "चाचा, मागच्याच बाजाराच्या दिवशी तर खोललं होतं ना हे! आता पुन्हा धूर मारते." उघडून पाहिले तर गॅस्केट एका कोपऱ्यात जळालेले. गॅस्केट बनावट नव्हते, हेडही वाकडे नव्हते. चार बोल्टपैकी तीन गच्च कसले गेले होते आणि चौथा थोडा कमी. कमी कसलेल्या बाजूने दाबाचा वायू वाट काढून निघाला.

याचा हिशेब करून पाहा. दुसरे गॅस्केट आपल्या खिशातून गेले. मजुरी मागता आली नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे काम मागे पडले. त्या शेतकऱ्याची दोन पाण्याच्या पाळ्या चुकल्या, आणि ती गोष्ट तो चार गावांत सांगणार. उलट बाजूचे नुकसानही ठाऊक आहे. "ढिला राहू नये" म्हणून जोर लावला आणि अॅल्युमिनियमच्या हेडमधले प्लगचे आटे गेले, किंवा ऑइलच्या बोल्टचे आटे गेले. मग लेथवाल्याकडे जाऊन बुश बसवण्याचा खर्च. ढिले राहिले तरी तोटा, जास्त कसले तरी तोटा. दोन्हींच्या मधला जो नेमका घट्टपणा आहे तोच कारागिराचा खरा हुन्नर होय.

बोल्ट म्हणजे कडक स्प्रिंग

नट आवळताना नेमके काय होते? आपल्याला वाटते की नट दोन वस्तू दाबून धरतो. खरे म्हणजे नट फिरला की बोल्ट ताणला जातो. तो केसाएवढाच लांब होतो, डोळ्यांना दिसत नाही. ताणलेला बोल्ट स्प्रिंगप्रमाणे मागे येऊ पाहतो आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांना चिकटून राहतात. ओढ कमी पडली की थरथरीने नट सैल होतो. ओढ फार झाली की बोल्ट कायमचा लांबतो. असा लांबलेला बोल्ट वरून घट्ट वाटला तरी त्यातला जीव गेलेला असतो आणि तो कधी तुटेल याचा नेम नसतो.

ही ओढ बाहेरून मोजणे अवघड. म्हणून कंपन्या आपल्या पुस्तकात बोल्टला किती पीळ द्यायचा ते लिहितात. या पिळालाच टॉर्क म्हणतात. तो समजून घ्यायला कॉलेजात जायला नको, घरातले जाते आठवावे. जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. मध्याजवळ असता तर दळणारीला कितीतरी जास्त जोर लागला असता. म्हणजे फिरवण्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते: जोर किती लावला आणि तो मध्यापासून किती लांब लावला. दोन्हींचा गुणाकार म्हणजे टॉर्क. मध्यापासून १ मीटरवर १० किलोचा जोर म्हणजे १० किलो-मीटर. अर्ध्या मीटरवर २० किलोचा जोर लावला तरी टॉर्क तोच.

जुन्या पुस्तकांत टॉर्क किलो-मीटरमध्ये असतो, नव्या पुस्तकांत न्यूटन-मीटरमध्ये. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, तोंडी हिशेबाला १० धरले तरी चालते. विलायती पुस्तकात फूट-पाउंड असेल तर १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर.

टॉर्क मोजणारा पाना ही काही फार जुनी गोष्ट नाही. १९१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांनी तो तयार केला, असे मानले जाते. जमिनीखालच्या नळांच्या जोडावरील बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळत आणि ते तुटत, ही त्यांची अडचण होती. मोटारीचे कारखाने नव्हे, तर पाण्याचे नळ या पान्याला कारण झाले. आपल्याकडे वानच्या पाण्याचे नळ गावोगाव गेले आहेत. त्या नळांच्या फ्लँजचे बोल्ट कसणाऱ्या आपल्या प्लंबर बंधूंना ही अडचण नवी वाटणार नाही.

हात का फसतो?

हाताच्या अंदाजाला फसवणाऱ्या चार गोष्टी आहेत.

पहिली, पान्याची लांबी. ज्या जोराने आपण लहान पाना ओढतो, त्याच जोराने दुप्पट लांबीचा पाना ओढला तर बोल्टला दुप्पट पीळ बसतो. पान्यात पाइप घातला तर विचारूच नका.

दुसरी, बोल्टची जाडी. ६ मिलिमीटरचा बोल्ट आणि १२ मिलिमीटरचा बोल्ट यांच्या जाडीत दुपटीचा फरक, पण पिळात सुमारे आठपटीचा. हाताला हा फरक तेवढा मोठा वाटत नाही. म्हणूनच लहान बोल्ट तुटतात आणि मोठे बोल्ट ढिले राहतात.

तिसरी, तेल आणि गंज. आपण लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो आणि साधारण ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांत गंज किंवा माती असेल तर हाही हिस्सा कमी होतो; पाना घट्ट लागतो, बोल्ट मात्र ढिलाच. उलट, कोरड्या बोल्टसाठी लिहिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या बोल्टला दिला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

चौथी, हवेची गन. टायरवाल्याची गन नट खोलायला उत्तम. पण आवळताना ती किती जोर लावते हे गन सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

काटा आणि रिंग पाना

चांगल्या कंपनीचा टॉर्क पाना घ्यायचा तर काही हजार रुपये लागतात. ज्याला परवडते त्याने तो जरूर घ्यावा. तो खर्च नव्हे, भांडवल आहे. परंतु नव्या दुकानदाराला लगेच ते जमत नाही. त्याच्यासाठी ही युक्ती.

लागणाऱ्या वस्तू: दोन्ही तोंडांना रिंग असलेला पाना, हुकाचा लटकता काटा आणि मोजपट्टी. २५ किंवा ५० किलोचा साधा स्प्रिंगचा काटा तीनशे ते पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. शाळेच्या विज्ञानात यालाच ताणकाटा म्हणतात.

पान्याची एक रिंग नटावर बसवायची आणि दुसऱ्या रिंगमध्ये काट्याचा हुक अडकवायचा. दोन्ही रिंगांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून ते पान्यावर पक्क्या रंगाने लिहून ठेवायचे. हे अंतर एकदाच मोजायचे आहे. आता किती किलो ओढायचे याचे सूत्र असे:

पुस्तकातील न्यूटन-मीटर गुणिले १०.२, भागिले सेंटिमीटर. उत्तर किलोमध्ये येते.

उदाहरणार्थ, २५ न्यूटन-मीटर द्यायचे आहेत आणि पाना मध्यापासून मध्यापर्यंत २५ सेंटिमीटरचा आहे. २५ गुणिले १०.२ म्हणजे २५५. त्याला २५ ने भागले की १०.२ किलो. काट्यावर १० किलोच्या किंचित पुढे काटा गेला की काम झाले. १० न्यूटन-मीटर द्यायचे असतील तर त्याच पान्यावर साधारण ४ किलो. पुस्तकात किलो-मीटर लिहिले असेल तर त्या आकड्याला १०० ने गुणून सेंटिमीटरने भागावे.

सूत्र सोपे आहे, पण पुढील गोष्टी पाळल्या तरच ते खरे ठरते.

एक, काटा पान्याशी काटकोनात ओढावा. गुण्या धरल्यासारखा सरळ कोन हवा. कोन थोडा, दहा अंशांनी चुकला तर फारसे बिघडत नाही. पण तीस अंशांनी चुकला तर शंभरात तेरा भाग टॉर्क कमी पडतो आणि काटा मात्र पूर्ण आकडा दाखवतो.

दोन, स्प्रिंगचा काटा उभा लटकवल्यावर शून्यावर असतो; आडवा धरला की त्याच्या हुकाचे वजन निघून जाते आणि शून्य सरकते. म्हणून ज्या दिशेने ओढायचे त्याच दिशेने धरून आधी शून्य जुळवावे. डिजिटल काटा घेतला तर एक गोष्ट पारखून घ्यावी. काही काटे आकडा स्थिर झाला की तोच धरून ठेवतात, पुढे ओढ वाढली तरी दाखवत नाहीत. असा काटा या कामाला घेऊ नये.

तीन, हिसका देऊ नये. संथपणे, न थांबता ओढत नेमक्या आकड्यापर्यंत जावे. मध्ये थांबून पुन्हा सुरुवात केली तर अडकलेला नट सुटायला जास्त जोर लागतो आणि काटा खोटा मोठा आकडा दाखवतो. असे झाले तर नट पाव फेरा मागे घेऊन पुन्हा एका दमात आवळावा.

चार, पाय घट्ट रोवून आणि चेहरा बाजूला ठेवून ओढावे. हुक निसटला तर तो सरळ आपल्याच अंगावर येतो.

काटा खरा आहे की नाही, हेही वरचेवर पाहावे. किराणा दुकानदाराकडची शिक्क्याची ५ किलोची दोन मापे लटकवली की लगेच कळते. मापे नसतील तर दहा लिटर पाणी म्हणजे १० किलो. त्यात रिकाम्या बादलीचे वजन तेवढे मिळवावे.

बारीक स्क्रूंसाठी वजनाची दांडी

मोठ्या बोल्टचे झाले. पण बारीक स्क्रूंचे काय? शिलाई मशीन, घड्याळ, स्टार्टर, मीटर, कार्ब्युरेटर येथे २ न्यूटन-मीटर म्हणजे खूप झाले. तेथे काट्याची सुई नीट हलतही नाही. यासाठी दुसरी युक्ती आहे, आणि तिचा सर्वांत चोख वापर नेमबाजीत दिसतो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या तरुणाचे लक्ष्य किती बारीक होते ते पाहा: ५० मीटरवरच्या त्या निशाण्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. अशा रायफलीची नळी आणि यंत्रणा दस्त्यात दोन-तीन स्क्रूंनी बसवलेली असते. पुढचा स्क्रू आज कमी आणि उद्या जास्त आवळला तर यंत्रणा दस्त्यात वेगळी बसते आणि गोळी दुसरीकडे लागते. नेमबाजाचा हात तोच, डोळा तोच, पण निशाणा सरकलेला. म्हणून जगभरचे नेमबाज हे स्क्रू दर वेळी एकाच टॉर्कने आवळतात. नेमका आकडा रायफलीगणिक वेगळा; पण तो दर वेळी सारखा असणे हे त्याहून महत्त्वाचे. बंदुकांची दुरुस्ती १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय करता येत नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. आपल्याला घ्यायची आहे ती त्यांची शिस्त.

अवजार असे बनवावे. बोटाएवढी जाड लोखंडी पट्टी किंवा दांडी घ्यावी. तिच्या बरोबर मध्यभागी भोक पाडून त्यात स्क्रू ड्रायव्हरची बिट किंवा अॅलन की बसवावी आणि बाजूने एका छोट्या स्क्रूने पक्की करावी. हा स्क्रू सैल केला की दांडीचा कोन बदलता आला पाहिजे. मध्यापासून एका बाजूला बरोबर १० सेंटिमीटरवर खाच पाडावी. त्या खाचेत दोरीने वजन लटकवायचे.

आता साधा हिशेब: १० सेंटिमीटरवर १ किलो म्हणजे जवळजवळ १ न्यूटन-मीटर. २ किलो म्हणजे २ न्यूटन-मीटर. ७ न्यूटन-मीटर हवे असतील तर ५ किलोचे माप १४.३ सेंटिमीटरवर. दुकानातली मापे येथे जशीच्या तशी चालतात.

ही दांडी वापरताना वस्तू आडवी करून शिकंज्यात धरावी, म्हणजे स्क्रूचा अक्ष जमिनीशी समांतर होईल. वजन खालीच ओढते, त्यामुळे स्क्रू उभा असेल तर या दांडीचा उपयोग नाही. दांडी आडवीपेक्षा थोडी वर धरावी आणि वजन हळूच सोडावे. दांडी खाली येत येत आडवीच्या आसपास थांबली की टॉर्क बरोबर बसला. ती फार खाली गेली तर दांडीचा कोन बदलून पुन्हा घ्यावे. पंधरा अंश वर किंवा खाली थांबली तर चूक शंभरात तीन-चारच असते. मात्र वजन एकदम सोडू नये. अचानक सोडलेले वजन क्षणभर आपल्या दुपटीएवढा जोर लावते.

दांडी दोन्ही बाजूंना सारखी लांब का, असा प्रश्न पडेल. दांडीचे स्वतःचे वजनही पीळ देते. ती एकाच बाजूला १५ सेंटिमीटर लांब आणि १०० ग्रॅमची असेल, तर २ न्यूटन-मीटरच्या कामात जवळपास ४ टक्के भर आपोआप पडते. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की ती भर नाहीशी होते. तराजूची दांडी मधोमध टांगतात ती याच कारणाने.

इलेक्ट्रिशियन बंधूंनी या दांडीकडे विशेष लक्ष द्यावे. शेतावरच्या स्टार्टरमध्ये जळालेली टर्मिनल आपण नेहमी पाहतो आणि दोष व्होल्टेजला देतो. पुष्कळदा खरा दोषी सैल स्क्रू असतो. सैल जोडावर विजेला अडथळा होतो, जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो आणि शेवटी जळतो. घरगुती एमसीबीच्या टर्मिनलला साधारण २ ते ३.५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. नेमका आकडा बहुधा एमसीबीवर किंवा खोक्यातील कागदावर छापलेला असतो. स्टार्टर किंवा एमसीबी भिंतीवर बसलेला असला की त्याचे स्क्रू समोरून आडवेच असतात, त्यामुळे ही दांडी तेथे जागच्या जागी चालते. लाइन अर्थातच आधी बंद करावी आणि टेस्टरने खात्री करून घ्यावी. वायर अॅल्युमिनियमची असेल तर ती दाबाखाली हळूहळू पसरते, म्हणून लाइन बंद करून काही महिन्यांनी स्क्रू पुन्हा पाहावा.

पुस्तकातला आकडा हाच खरा आकडा

टॉर्क कुठून घ्यायचा? ज्या कंपनीचे यंत्र त्या कंपनीच्या पुस्तकातून. पुस्तक मिळेपर्यंत अंदाज असावा म्हणून काही सर्वसाधारण आकडे येथे देतो. डोक्यावर ८.८ असे लिहिलेल्या स्टीलच्या बोल्टला, स्टीलच्याच आट्यांत, ६ मिलिमीटरसाठी सुमारे १० न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरसाठी सुमारे २५, १० मिलिमीटरसाठी ४५ ते ५० आणि १२ मिलिमीटरसाठी ८० ते ८५. बोल्टच्या डोक्यावर आकडाच नसेल, किंवा आटे अॅल्युमिनियममध्ये असतील, तर हे आकडे लावू नयेत. तेथे टॉर्क कमी हवा.

स्पार्क प्लगचे आटे १४ मिलिमीटरचे असतील तर २५ ते ३० न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरचे असतील तर १० ते १२. मोटरसायकलचा बारीक प्लग जीपच्या प्लगसारखा आवळला की आटे का जातात, ते या दोन आकड्यांवरून कळते. प्लगसाठी अवजाराशिवायचीही एक रीत आहे. नवा, वायसरचा प्लग आधी बोटांनीच पूर्ण बसवावा आणि मग पान्याने साधारण अर्धा फेरा द्यावा. जुना प्लग पुन्हा बसवताना मात्र त्याची वायसर आधीच दबलेली असते. त्याला फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे.

अनेक बोल्ट असतील तेथे क्रमालाही तेवढेच महत्त्व आहे. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, समोरासमोर जावे. चाकाचे नट एकाआड एक, चांदणीच्या आकाराने. एकदम पूर्ण टॉर्क देऊ नये. पहिल्या फेरीत तिसरा हिस्सा, दुसऱ्या फेरीत दोन हिस्से, तिसऱ्या फेरीत पूर्ण. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. गिऱ्हाइकाला तसे सांगून पाठवावे. त्यात कमीपणा नाही, उलट भरवसा वाढतो.

या अवजाराची हद्द

आपले अवजार किती खरे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाजारातल्या चांगल्या टॉर्क पान्यातही शंभरात चारची घट-वाढ मान्य असते. आपला काटा नीट वापरला तर शंभरात पाच ते दहाच्या आत राहतो. पण आटे घाण असतील तर महागडा पानाही बोल्टला योग्य ओढ देऊ शकत नाही. म्हणून आधी तारेचा ब्रश, मग काटा. आटे साफ न करता मोजणे म्हणजे ओला कापूस वजन करण्यासारखे आहे.

काही ठिकाणी हे अवजार वापरूच नये. नव्या गाड्यांत हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ठरावीक टॉर्क देऊन पुढे ठरावीक अंशांनी फिरवायचे असतात आणि बरेचसे एकदाच वापरायचे असतात. तेथे पुस्तकच पाळावे आणि बोल्ट नवे टाकावेत. ट्रकच्या चाकांना कित्येक शे न्यूटन-मीटर लागतात. तेथे लटकता काटा पुरत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि प्रवासी वाहनांची चाके यांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. त्या कामासाठी तपासलेला, खराखुरा टॉर्क पाना हवा. तो एकट्याला जड जात असेल तर एका गल्लीतल्या चार-पाच दुकानांनी मिळून एक घ्यावा.

वही, शागिर्द आणि नाव

शेवटी धंद्याची गोष्ट. दुकानात एक वही ठेवावी. कोणती गाडी, कोणता बोल्ट, किती टॉर्क आणि आपल्या पान्यावर ते किती किलो होतात, हे लिहीत जावे. सहा महिन्यांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी होईल, कारण त्यात आपल्याच गिऱ्हाइकांच्या गाड्या असतील.

या वहीचा सर्वांत मोठा फायदा शागिर्दाला होतो. आजवर उस्ताद "असं कस" म्हणून दाखवतो आणि मुलगा चार वर्षे आटे मारत शिकतो. त्याने मारलेल्या आट्यांचे पैसे कुणीतरी भरतोच, बहुधा उस्तादच. काटा हातात दिला तर तो पहिल्याच आठवड्यात "दहा किलो" म्हणजे काय हे हाताने अनुभवतो. हळूहळू त्याचा हातही तयार होतो, पण आता तो मापावर तयार होतो. मग कधी काटा नसेल तेव्हाही त्याचा अंदाज खऱ्याच्या जवळ राहील. हाताचा हुन्नर मापामुळे कमी होत नाही, पक्का होतो.

आणि गिऱ्हाइकाच्या मनावर होणारा परिणाम वेगळाच. मिस्त्री काटा लावून बोल्ट आवळतो आहे हे ज्या शेतकऱ्याने एकदा पाहिले, तो शेजारच्या दुकानात सहसा जाणार नाही. बाजार समितीत आपला माल काट्यावर चढताना तो डोळ्यांत तेल घालून काटा पाहतो. आपल्या इंजिनाचा बोल्टही काट्यावर चढतो, हे त्याला चांगलेच समजते.

किराणा दुकानदाराच्या मापावर सरकार शिक्का मारते. मिस्त्रीच्या हातावर शिक्का मारणारे कोणतेही खाते नाही. तो शिक्का त्याने स्वतःच मारायचा असतो. उद्या सकाळी दुकान उघडले की एक रिंग पाना घ्या, मोजपट्टी लावा आणि दोन रिंगांमधले अंतर त्यावर लिहा. सुरुवात तेवढ्यापासून करता येते.